सहा कात्र्या, एक हात

१

सहाच्या सहा कात्र्यांनी कापड सरळ कापलं, आणि तिथंच घोटाळा झाला.

परीक्षा दिसायला सोपी होती. पातळ सुती कापडाच्या आठ घड्या करायच्या, ते ओलं करायचं आणि कात्रीच्या फक्त टोकानं कापायचं. कात्रीची जुळवणी बिघडलेली असेल तर ओलं कापड दोन पात्यांच्या मधे दुमडतं आणि चावून सोडल्यासारखं बाहेर येतं. तीन महिने शिकलेल्या सहा जणांपैकी दोघांच्या कात्र्या जरी चालल्या असत्या तरी सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या असत्या. मालकीणबाईंनी एकेक कात्री उचलली, एकेक कापड कापलं, आणि सहाव्या कापडानंतर टाळ्या वाजवायला वर केलेले हात ट्रेनिंगवाल्या साहेबांनी हळूच खाली घेतले. कारण मालकीणबाई हसत नव्हत्या.

त्यांनी सहाही कात्र्या उघडून टेबलावर पसरल्या आणि पात्यांच्या आतल्या बाजूवरून अंगठा फिरवला. या कारखान्यात त्या परकर नेसायच्या वयापासून वावरल्या होत्या, त्यामुळे त्यांच्या अंगठ्याला फसवणं कठीण होतं.

"सहा माणसांची अक्षरं सहा प्रकारची असतात," त्या म्हणाल्या. "हे सगळं एकाच माणसानं लिहिलंय."

खोलीतल्या सगळ्यांनी, अगदी ठरवून केल्यासारखी, मान वळवली. एका कात्रीला एवढी सुंदर जुळवणी देणारा माणूस त्या कारखान्यात एकच होता. तो खिडकीजवळच्या ऐरणीपाशी उभा होता. त्याला सगळे वस्ताद म्हणायचे, आणि या क्षणी वस्तादांचा चेहरा पांढराफटक पडला होता.

२

जुळवणी म्हणजे काय ते इथंच सांगून टाकायला हवं. कात्रीची दोन पाती एकमेकांना सपाट चिकटली तर ती काहीच कापत नाहीत. प्रत्येक पात्याला किंचित बाक लागतो, इतका किंचित की कात्री मिटून उजेडाकडे धरली तर मधे केसाएवढी फट दिसावी आणि टोकं मात्र टेकलेली असावीत. हा बाक ऐरणीवर हातोडीच्या हलक्या ठोक्यांनी देतात. किती ठोके, कुठं, केवढ्या जोरानं, हे कुठल्याच कागदावर नव्हतं. ते अडतीस वर्षं वस्तादांच्या हातात होतं, आणि महिनाअखेरीला हात निवृत्त होणार होता.

ते कागदावर आणण्यासाठीच कारखान्यानं एक बाई नेमली होती. यंत्रांची, कामांची माहितीपुस्तकं लिहिणं हा तिचा धंदा. ती दर दोन वाक्यांनंतर "का?" विचारायची, म्हणून पहिल्याच आठवड्यात तिचं नाव काबाई पडलं. तिला ते कळलं तेव्हा तिनं विचारलं, "का?"

मालकीणबाईंनी काबाईला केबिनमध्ये बोलावलं आणि दार लावून घेतलं.

"शनिवारी मला ठरवायचंय," त्या म्हणाल्या. "हे काम पुढं कुणाला येत असेल तर खातं चालू ठेवायचं, नसेल तर बंद करून तयार कात्र्या बाहेरून घ्यायच्या. वस्तादांना हे माहीत आहे. आपलं खातं वाचावं म्हणून त्यांनी रात... जाऊ दे, तोंडातून वाईट निघायला नको. पण असं असेल तर हा माणूस अडतीस वर्षांनंतर लबाड म्हणून बाहेर पडेल. तुम्ही कुणाच्या हाताखालच्या नाही. चार वाजेपर्यंत मला सांगा, कुणी केलं."

"आणि वस्तादांनीच केलं असेल तर?"

"तरी सांगा."

काबाईला हे काम नको होतं. तीन महिने तिनं या म्हाताऱ्याला प्रश्न विचारून भंडावलं होतं आणि त्यानं एकदाही नाक मुरडलं नव्हतं. पण खरं सांगायचं तर त्या नकोपणाच्या शेजारीच तिचं एक जुनं कुतूहलही जागं झालं होतं, आणि ते नकोपणापेक्षा मोठं होतं.

तिनं आधी ट्रेनिंगवाल्या साहेबांना गाठलं. साहेब गडबडीचा, तक्त्यांचा माणूस. भिंतीवर त्यांनी सहा शिकाऊंच्या प्रगतीच्या सहा रेषा लावल्या होत्या आणि सहाही वर चढत होत्या.

"काल काय झालं ते क्रमानं सांगा," काबाई म्हणाली.

"रोजच्यासारखंच. चार वाजता शिकाऊंनी आपापल्या नंबरची कात्री ट्रेमध्ये ठेवली आणि गेले. साडेचारला कपाटात कुलूपबंद. कपाटावर कागदी पट्टी, पट्टीवर मालकीणबाई, वस्ताद आणि मी अशा तिघांच्या सह्या. सकाळी पट्टी जशीच्या तशी. म्हणून तर डोकं चालत नाही माझं!"

"चार ते साडेचार तुम्ही तिघं कुठं होतात?"

"केबिनमध्ये. वस्तादांच्या निरोपाचं ठरवत होतो. पावणेचारपासून."

"आणि इथं, या खोलीत?"

"इथं कुणीच नव्हतं. चारनंतर रोजच नसतं. मावशीनं कात्र्या पुसल्या, तेल लावलं, मग आम्ही खाली आलो."

काबाईनं भिंग काढलं आणि सहा कात्र्यांवर वाकली. मालकीणबाईंचा अंगठा फिरला होता ती जागा सोडली तर तेलाचा पातळ थर सगळीकडं सलग होता, ठोक्यांच्या खळग्यांतसुद्धा. तेल लावल्यावर कुणी हातोडी मारली असती तर थर तिथं फाटला असता. म्हणजे कपाट, कुलूप, पट्टी, सह्या, या सगळ्याचा काही संबंधच नव्हता. जे झालं ते तेलाच्या आधी झालं होतं, आणि त्या वेळी वस्ताद मालकीणबाईंच्या समोर बसून चहा पीत होते. काबाईच्या जिवात जीव आला.

मग तिला दुसरी गोष्ट दिसली. प्रत्येक पात्यावर आधी वेडेवाकडे, घाबरत घाबरत मारलेले ठोके होते आणि त्यांच्यावर तीन, फक्त तीन, नीटस ठोके. खाली शिकाऊ, वर दुसरंच कुणीतरी. तिनं वस्तादांची एक जुनी कात्री आणली आणि शेजारी धरली. हातोडी कधीच अगदी सपाट पडत नाही. मारणाऱ्याच्या बाजूची कड जरा खोल रुतते. वस्तादांच्या ठोक्यांची खोल कड पात्याच्या जाड पाठीकडे होती. या सहा कात्र्यांवरच्या नीटस ठोक्यांची खोल कड धारेकडे होती.

तिनं कोरं पातं हातात घेतलं, इकडून धरलं, तिकडून धरलं, आणि जागच्या जागी थांबली. पातं असं उलटं धरायला लागतं ते एकाच माणसाला, हातोडी डाव्या हातात घेणाऱ्याला.

सहा शिकाऊंमध्ये डावरा एकच होता. तो वस्तादांचा सख्खा भाचा होता.

३

भाचा तिशीचा, गोल चेहऱ्याचा, दोन नोकऱ्या गमावून मामाच्या शब्दावर इथं लागलेला. काल चारनंतर कुठं होतास, असं काबाईनं त्याला विचारलं.

"मागच्या नळावर," तो म्हणाला. "हात धूत होतो."

"अर्धा तास?"

"बाई, हात धुवायला दोन मिनिटं लागली. बाकीचा वेळ रडत होतो. लिहू नका हे."

"का रडत होतास?"

"माझी कात्री वाईट झाली होती. मला माहीत होतं ना! ठेवतानाच हाताला कळलं, गेली ही. मामा महिनाभरात जाणार, अन् मला काही येत नाही. पण हे रोजचंच आहे. रोज ठेवताना वाटतं गेली, आणि रोज सकाळी साहेब सांगतात पास. आताशा मी आपल्याला काय वाटतं ते मनावर घेणंच सोडून दिलंय. म्हटलं, वाटणंच चुकत असेल माझं."

काबाईनं हे वाक्य वहीत जसंच्या तसं उतरवलं आणि खाली दोन रेघा ओढल्या. इथं कुठंतरी पाणी मुरत होतं.

"कात्री ठेवल्यावर पुन्हा तुझ्या हातात येते का?"

"नाही. सकाळी साहेब कापड कापून बघतात, तक्त्यावर टिंब देतात, कात्री थेट गोदामात."

तिनं त्याला ऐरणीपाशी नेलं, पात्यांची कोरी जोडी दिली आणि म्हणाली, "कर." वस्ताद दुरून बघत होते. भाच्यानं डाव्या हातात हातोडी घेतली आणि वीस मिनिटं घाम गाळला. ओलं कापड पात्यांच्या मधे दुमडलं आणि चावलेलं बाहेर आलं.

मग काबाईनं बाकीच्या पाचही जणांना एकेक जोडी दिली. अर्ध्या तासानं टेबलावर पाच चावलेली कापडं आणखी पडली. साहेब भिंतीवरच्या चढत्या रेषांकडं बघत खुर्चीत बसले ते बसलेच. वस्तादांनी डोक्याला हात लावला.

"तीन महिने," ते पुटपुटले. "तीन महिने रोज पास होत होते हे. मी म्हटलं, चला, आपलं काम मार्गी लागलं. मग रोज पास कोण होत होतं?"

४

दुपारचे तीन वाजून गेले होते. काबाईनं वहीत लिहिलं: हा माणूस डावरा आहे. वस्तादांइतकाच चांगला आहे. काल नाही, रोज करतोय. या तिन्हींमधल्या दोन गोष्टी जुळणारं माणूससुद्धा कारखान्यात नव्हतं. तिनं हजेरीच्या खिडकीत उभं राहून सह्या करणाऱ्या माणसांचे हात बघितले, चहाच्या टेबलावर कप उचलणारे हात बघितले. भाच्याखेरीज डावरा कुणीच सापडला नाही.

"वस्ताद," तिनं विचारलं, "हे काम तुम्ही आजवर आणखी कुणाला शिकवलंत?"

"कुणाला नाही. कुणी आलंच नाही शिकायला. साहेबांनी वर्ग काढला तेव्हा ही सहा आली."

"शिकवताना हे कुठं उभे राहतात?"

"माझ्या पाठीशी. खांद्यावरून बघतात. त्याशिवाय हात कसा दिसणार?"

"मला एकदा दाखवाल? सावकाश. मी तुमच्याबरोबर करते."

ऐरणीच्या मागं आज परीक्षेसाठी बाक लावलेले होते, त्यामुळं उभं राहायला जागा नव्हती. काबाईनं ऐरणीच्या पलीकडचं बुटकं स्टूल ओढलं आणि वस्तादांच्या समोरासमोर बसली. वस्तादांनी पातं टेकवलं, हातोडी उचलली. काबाईनं हातात पेन्सिल घेतली आणि ते करतील तसं करायला लागली. ते वाकले, ती वाकली. त्यांनी मनगट सैल सोडलं, तिनंही सोडलं. त्यांचा हात तिला जिकडं दिसत होता, तिकडचाच तिचा हात उठत होता. टक्, टक्, आणि जरा थांबून टक्.

तिसऱ्या ठोक्याला काबाईचं लक्ष आपल्या हाताकडं गेलं. जन्मभर उजव्या हातानं लिहिणाऱ्या काबाईनं पेन्सिल डाव्या हातात धरली होती.

ती इतकी जोरात उठली की स्टूल पडलं. डावऱ्या माणसाला शोधण्यात तिनं पूर्ण दुपार वाया घालवली होती. हा माणूस डावरा नव्हताच. त्याच्यासमोर बसून, आरशात बघावं तसं बघत, तो हे शिकला होता.

"वस्ताद, हे स्टूल कुणाचं?"

"ते होय?" वस्ताद म्हणाले. "ते आपल्या तेलमावशीचं. मी कात्री केली की तिच्यापुढं ठेवतो, ती पुसते. अकरा वर्षं झाली."

५

तेलमावशी गोदामाच्या दाराशी चिंध्या निवडत होती. शेहेचाळीस वर्षांची, कमी बोलणारी, रोजंदारीवरची बाई. सकाळपासून कारखान्यात एवढा गदारोळ झाला, पण तिला कुणी काही विचारलं नव्हतं.

"मावशी," काबाई तिच्याशेजारी खाली बसली, "काल चारनंतर कात्र्या कशा होत्या?"

"मी ठेवल्या तेव्हा चांगल्या होत्या."

"आणि तुमच्याकडं आल्या तेव्हा?"

मावशीच्या हातातली चिंधी थांबली. 

"एक नंबरची टोकाला उघडी होती," ती म्हणाली. "तीन नंबरची मधे घासत होती. भाच्याची तर बघवत नव्हती."

चार वाजता केबिनमध्ये सगळे उभे होते. काबाईनं तेलाचा थर, वर-खालचे ठोके, धारेकडची खोल कड आणि स्टूल असं सगळं क्रमानं सांगितलं. सांगताना तिला एकदाही घाई करावीशी वाटली नाही.

"हे खरं आहे?" मालकीणबाईंनी विचारलं.

"हो, ताई."

"का केलंत?"

"राहवेना," मावशी म्हणाली. "वाईट कात्रीला तेल लावून चांगल्यासारखी कपाटात ठेवायची, हे मला जमेना. तीन तर ठोके. त्यांनाही बरं वाटायचं सकाळी. परीक्षेच्या वेळी थांबले असते तर सगळी पोरं एकदम नापास झाली असती, म्हणून कालही..."

"शिकलात कधी?"

"बघून बघून. जेवणाच्या सुट्टीत टाकाऊ पात्यांवर हात बसवला. मी सगळी कामं उजव्या हातानं करते, ताई. पण मला वाटायचं, हे काम या डाव्या हातानंच करायचं असतं."

"मग वर्गात नाव का नाही दिलंत?"

मावशीनं साहेबांकडं बघितलं. साहेब आधी गोंधळले, मग त्यांना आठवलं आणि त्यांचे कान लाल झाले. "फॉर्म आला होता," ते खालच्या आवाजात म्हणाले. "वय पस्तिशीच्या आत, शिक्षण दहावी, असा नियम होता. मी परत केला."

मालकीणबाई हसणार तेवढ्यात वस्तादांचा आवाज चढला. या माणसाचा आवाज चढलेला कुणी ऐकला नव्हता.

"हसू नका, ताई! माझी सहा माणसं हिनं वाया घालवली. चूक हातात परत आली तर माणूस शिकतो. यांच्या चुका ही रोज पुसून टाकत होती, तेलाच्या फडक्यानं! माझ्या भाच्याच्या हाताला खरं कळत होतं, आणि हिच्या मायेपायी तो स्वतःच्या हाताला खोटं पाडायला लागला."

मावशी रडली नाही. तिचा चेहरा मात्र असा झाला की काबाईला दुसरीकडं बघावं लागलं. आपण उपकार करतोय अशा समजुतीत तिनं तीन महिने काढले होते, आणि वस्ताद म्हणत होते ते शब्दन् शब्द खरं होतं.

"चला," वस्ताद म्हणाले. "माझ्यासमोर करा एक."

सगळी मिरवणूक खाली ऐरणीपाशी आली. मावशीनं कोरी जोडी घेतली, उजेडाकडं धरली, डाव्या हातात हातोडी घेतली. वस्तादांना वीस ठोके लागत, तिला बावीस लागले. वस्तादांनी कापड ओलं केलं आणि टोकानं कापलं. मग ते कात्री नुसतीच उघडत आणि मिटत राहिले.

"मला वाटत होतं, हे माझ्याबरोबरच जाणार," ते म्हणाले. "रात्री झोप लागत नव्हती मला. आणि तुम्ही माझ्यासमोर बसून होतात. अकरा वर्षांत मी एकदा मान वर करून बघितलं नाही."

६

शनिवारी मालकीणबाईंनी खातं बंद केलं नाही, पण चालूही म्हटलं नाही. तीन महिन्यांची मुदत दिली. एका माणसाच्या हातावर खातं चालत नाही, त्या म्हणाल्या, तो हात डावा असो की उजवा. सहांपैकी निदान तिघांना यायला हवं. वस्ताद ठरल्या दिवशी ताठ मानेनं बाहेर पडले. शिकवणारी म्हणून मावशीची कायम नेमणूक झाली, आणि साहेबांनी भिंतीवरच्या सहाही रेषा स्वतःच्या हातानं उतरवल्या.

नव्या वर्गाच्या पहिल्या दुपारी काबाई वही घेऊन कोपऱ्यात बसली. भाच्यानं कात्री केली, कापड कापलं, कापड चावलं गेलं. त्यानं कात्री मावशीपुढं ठेवली.

मावशीनं ती उजेडाकडं धरली. काय बिघडलंय ते तिला पहिल्याच नजरेत दिसलं, हे काबाईलासुद्धा दिसलं. तीन ठोक्यांचं काम होतं. मावशीचा डावा हात हातोडीकडं निघाला, अर्ध्यावर पोचला, आणि तिनं तो माघारी घेऊन मांडीखाली दाबून धरला. त्याच्यावर ती बसली.

"तुला काय वाटतं?" तिनं विचारलं.

"मला?" भाचा चाचरला. "मला वाटतं... मधे घासतेय. पण माझं वाटणं—"

"तुझ्या वाटण्याचंच विचारतेय."

त्यानं कात्री परत घेतली. चुकीच्या जागी एक ठोका मारला. मावशीनं डोळे मिटून घेतले आणि ओठ घट्ट आवळले. त्यानं पुन्हा उजेडाकडं धरलं, पुन्हा मारलं, पुन्हा चुकला. असं तासभर चाललं. काबाईनं वहीत लिहायचं म्हणून पेन्सिल टेकवली, पण एवढ्या अवघड कामाला काय नाव द्यावं ते तिला सुचेना.

पाच वाजता कापडाचा तुकडा सरळ कापला जाऊन जमिनीवर पडला. भाचा तो उचलायचं विसरून नुसता बघत राहिला. मावशीनं मांडीखालून हात काढला तेव्हा तो पार बधिर झाला होता.